पटवाऱ्याच्या दप्तरापासून ‘भूमी’पर्यंत : एका मांडणीचा इतिहास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत संतांवर, किल्ल्यांवर, मुक्तिसंग्रामावर लेख येतात आणि ते यायलाच हवेत. यंदा आम्ही मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या एका इमारतीचा इतिहास मांडणार आहोत. तिला दगड नाही, चुना नाही. पण जनवाड्यापासून आळंदपर्यंत ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन आहे, असा प्रत्येक माणूस तिच्यात राहतो. ही इमारत म्हणजे जमिनीच्या नोंदी ठेवण्याची मांडणी. संगणकाचा डिप्लोमा घेऊन आम्ही राज्य सरकारच्या सेवेत आलो. सॉफ्टवेअर कसे रचावे, याचे नमुने आम्हाला पुस्तकातून शिकवले गेले. त्यांचा खरा अर्थ मात्र उमगला तो पहाणीच्या कागदावरून.

आधी नमुना म्हणजे काय ते पाहू. आपल्या भागातला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. आगंतुक ढाळजेत थांबतो, ओळखीचा ओसरीवर येतो, घरचा माणूस माजघरात जातो आणि धान्याचे बळद त्याहून आत असते. कोणी कुठवर यावे हे दारावर लिहून ठेवावे लागत नाही. वाड्याची ठेवणच ते ठरवते. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने 1977 साली सहकाऱ्यांसह असे 253 नमुने एका ग्रंथात मांडले. संगणकवाल्यांनी ही कल्पना त्याच्याकडून उचलली. 1994 मध्ये चार लेखकांनी सॉफ्टवेअरच्या रचनेचे 23 नमुने प्रसिद्ध केले आणि 1996 मध्ये आणखी एका लेखकगटाने संपूर्ण प्रणालीच्या मांडणीचे नमुने ग्रंथरूपाने दिले. त्यांतला थरांचा नमुना म्हणजे थेट आपला वाडाच. पुढे खिडकी, मधे नियम, आत साठा. खिडकीवरच्या माणसाने थेट साठ्यात हात घालायचा नाही.

हे शहाणपण बिदरला नवे नाही. बहमनी वजीर महमूद गवान याचा मदरसा (1472) पाहायला आपण पाहुण्यांना नेतो, पण त्याने राज्यकारभाराची जी फेररचना केली ती फारशी सांगत नाही. राज्याचे चार तरफ होते, ते मोडून त्याने आठ केले. प्रत्येक तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला आणि बाकीचे थेट सुलतानाच्या हुकमतीखाली आणले. जमिनीची मोजणी आणि साऱ्याची व्यवस्थाही त्याने हाती घेतली. एकाच हाती सगळ्या किल्ल्या नकोत, हा त्यामागचा विचार. ज्यांच्या किल्ल्या गेल्या ते गप्प बसले नाहीत. बनावट पत्राचे कुभांड रचले गेले आणि 1481 मध्ये गवानला प्राण गमवावे लागले. मांडणी बदलली की कोणाचे तरी बळ कमी होते, हे आपल्या शहराने तेव्हाच पाहिले आहे.

निजामाच्या अमदानीत सालारजंगांच्या सुधारणांनंतर जिल्हे बसले, मोजणी सुरू झाली आणि 1317 फसलीचा, म्हणजे 1907 च्या सुमाराचा जमीन महसूल कायदा आला. सरकारी दप्तराची भाषा उर्दू, गावच्या कागदांत मोडी मराठी किंवा कन्नड. खरी सत्ता होती ती पटवाऱ्याच्या कापडी दप्तरात. नोंद लिहिणारा तोच, सांभाळणारा तोच, वाचून दाखवणारा तोच आणि नक्कल देणाराही तोच. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर खिडकी, नियम आणि साठा हे तिन्ही एकाच माणसात. सगळेच पटवारी लबाड होते असे नाही. कित्येकांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची बांध-वहिवाट तोंडपाठ ठेवली. पण शेतकऱ्याचे भले त्या एका माणसाच्या नियतीवर अवलंबून राहिले, हा मांडणीचा दोष होता.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. कित्येक घरांची शेती दोन राज्यांत विभागली गेली. तिकडे सातबारा, इकडे पहाणी. 1961 च्या कायद्याने म्हैसूर राज्यातली वंशपरंपरागत गावकामगारी संपवली आणि 1964 च्या जमीन महसूल कायद्याने हक्कनोंदीला आजची चौकट दिली. पटवाऱ्याच्या जागी पगारी ग्रामलेखापाल आला, तरी आपण त्याला तलाठीच म्हणत राहिलो. माणूस बदलला, दप्तर मात्र त्याच्या पिशवीतच राहिले.

संगणक आला तो 1988-89 मध्ये. केंद्र सरकारने आठ राज्यांतले एकेक, असे आठ जिल्हे प्रयोगासाठी निवडले. त्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता. कर्नाटकात 1991 मध्ये हा मान मिळाला तो आपल्या शेजारच्या गुलबर्ग्याला, आजच्या कलबुर्गीला. नोंदी संगणकात भरण्याचे काम सुरू झाले. पण जिथे फेरफार रोज होतात त्या तालुका कचेरीत संगणक ठेवण्याची तरतूदच योजनेत नव्हती. इकडे खरेदी, वाटणी, वारसा यांनी कागद बदलत राहिला आणि तिकडे संगणकातली नोंद शिळी होत गेली. एकाच जमिनीच्या दोन नोंदी, आणि त्यांतली खरी कोणती तर हाताने लिहिलेली! यंत्र चांगले असूनही ते चुकीच्या जागी मांडले की काय होते, याचा धडा आपल्याच भागात मिळाला.

तो धडा ‘भूमी’ योजनेत उपयोगी पडला. महसूल खात्याने राजीव चावला या अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली ती राबवली आणि सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने बनवले. सुमारे 67 लाख शेतकऱ्यांच्या 2 कोटी पहाण्या, त्याही सुमारे 9,000 ग्रामलेखापालांच्या हातून गोळा करायच्या. 2002 पर्यंत राज्यातल्या तालुक्यांत ही खिडकी उघडली आणि 15 रुपयांत पहाणी मिळू लागली. पण योजनेचे यश त्या 15 रुपयांत नव्हते, मांडणीतल्या चार निर्णयांत होते.

पहिला निर्णय, मूळ प्रत एकच. तालुक्याचे काम संगणकावर आले की हाताने लिहिलेली पहाणी बाद. त्यामुळे दोन नोंदींचे भांडण मिटले. दुसरा, रांग. फेरफाराचा अर्ज ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने पुढे सरकणार. मागचा अर्ज ओळखीने पुढे घ्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये ठेवलीच नाही. तिसरा, कामांची फोड. अर्ज घेणारा वेगळा, हरकतीची तेव्हाची 30 दिवसांची मुदत संपल्यावर आदेश देणारा सर्कल वेगळा आणि आदेशाचा कागद स्कॅन होऊन नोंदीला जोडलेला. चौथा, हाताचा ठसा. संगणकावर बसणाऱ्याने आधी बोट टेकवायचे, म्हणजे ‘ही नोंद मी केलीच नाही’ असे पुढे म्हणता येत नाही. खिडकीवर दुसरा पडदा शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवला, तोही याच विचारातून. दप्तर पहिल्यांदा लिहिणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडे वळले.

पुढचा टप्पा जोडणीचा. खरेदीखत नोंदवणारी ‘कावेरी’, मोजणीची ‘मोजिणी’ आणि हक्कनोंदीची ‘भूमी’ या तीन वेगळ्या इमारती होत्या. त्यांच्यामध्ये दारे पाडली गेली. आता खत नोंदले की फेरफाराचे काम भूमीत आपोआप सुरू होते. शेतकऱ्याने कागद घेऊन एका कचेरीतून दुसरीत जायचे कारण उरले नाही. पुढे ‘फ्रूट्स’ नावाची शेतकऱ्यांची यादीही पहाणीला जोडली गेली. नुकसानभरपाई आणि अनुदान आता याच वाटेने खात्यात येते. जनवाड्याच्या शेतकऱ्याला पहाणी बंगळुरूच्या साठ्यातून मिळते आणि तिच्यासाठी बिदरला खेटा घालावा लागत नाही.

मात्र जोडणीने सोय वाढते तशी जोखीमही वाढते. पटवाऱ्याच्या दप्तरातली चूक दप्तरातच राहायची. आज पहाणीतली एक चूक भरपाईपर्यंत, पीककर्जापर्यंत, विम्यापर्यंत धावत जाते. काही अभ्यासकांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता की, गावाच्या समोर होणारी नोंद दूर गेली, तर लहान शेतकऱ्यापेक्षा मोठ्या खरेदीदाराचीच अधिक सोय होईल. तो आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. चावडीवर चार म्हाताऱ्यांना जे ठाऊक असते ते पडद्यावर दिसत नाही.

आपल्या मराठी घरांची अडचण तर त्याहून निराळी आहे. समजा, एखाद्या पूर्वजाचे नाव ज्ञानोबा. मोडी कागदात ज्ञानोबा, उर्दूत ग्यानोबा, कन्नडमध्ये लिहिताना ऐकणाऱ्याला वाटेल तसे, आणि नातवाच्या आधारवर इंग्रजीत आणखी वेगळे. पटवाऱ्याला ही चारही नावे एकाच माणसाची आहेत हे ठाऊक होते. संगणक अक्षरे जुळवतो, माणूस ओळखत नाही. त्याच्या लेखी हे चार ज्ञानोबा आहेत. आडनावाच्या जागी गाव, वडिलांच्या जागी आजोबा, असे घोळही नोंदींत आढळतात. आजोबा वारून चाळीस वर्षे झाली तरी पहाणीवर त्यांचेच नाव असते, कारण भावांनी आपसांत वाटणी करून घेतली आणि वारसा नोंद, म्हणजे पौती, कोणी केलीच नाही. अशा घरात भरपाई आली तरी ती कोणाच्या खात्यात जाणार? मांडणी कितीही चांगली असली तरी घराने जी माहिती दिलीच नाही ती तिच्यात नसणार.

म्हणून वाचकांना एक विनंती. महालक्ष्म्या बसतात तेव्हा हैदराबाद, पुणे, मुंबईचे भाऊबंद गावी येतात. आरती-प्रसाद झाल्यावर तासभर बसा आणि घरातली प्रत्येक पहाणी सगळ्यांसमोर वाचा. सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, नाव, बोजा. कन्नड वाचता येणाऱ्या पोरीला वाचू द्या, ती शाळेत तेच शिकली आहे. नाव आधारशी जुळते का पाहा. मयताचे नाव असेल तर वंशावळ आणि मृत्यूचा दाखला घेऊन नाडकचेरी गाठा. आणि पेटीतले 1954-55 चे खासरा पत्रक, सेतवाराची नक्कल, उर्दू-मोडीतले खत रद्दीत घालू नका. ‘भू सुरक्षा’ योजनेत सरकार आपली जुनी दप्तरे स्कॅन करत आहे, पण तुमच्या पेटीतला कागद त्यात येणार नाही. तो वाचणारे म्हातारे अजून आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या आणि शेजारी देवनागरीत लिहून ठेवा.

गवानाने किल्ल्या वाटल्या, निजामाच्या काळात त्या पुन्हा एका दप्तरात गेल्या, ‘भूमी’ने त्या पुन्हा वाटल्या. त्यांतली एक किल्ली आता आपल्याकडेही आहे. आपली पहाणी आपण स्वतः वाचायची, एवढेच ती वापरायला लागते.