शालजोडी आणि चांगपा

‘शाल’ आणि ‘पश्मीना’ हे दोन्ही शब्द फारसीचे. पश्म म्हणजे लोकर. मराठीने शाल आपलीशी केली, शालजोडी केली, सत्काराला शाल-श्रीफळ दिले. पण अस्सल पश्मीना ज्यांच्या शेळ्यांमुळे होतो, त्या चांगपांचे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाही.

लडाखच्या पूर्वेला चांगथांगचे पठार आहे, चौदा हजार फुटांहून उंच. तिथे शेती जवळजवळ नाही. चांगपा शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन कुरणामागून कुरण फिरतात. कडाक्याच्या थंडीत शेळीच्या लांब केसांखाली मऊ लोकर येते. थंडी ओसरली की ती विंचरून काढायची. एका शेळीमागे वर्षाला जेमतेम पाव किलो!

या पाव किलोसाठी राज्ये झगडली. 1684 च्या तिंगमोसगांग तहाने पश्चिम तिबेटची पश्म लडाखमार्गे काश्मीरला जाईल असे ठरवले. 1841 मध्ये जोरावरसिंहाने तिबेटवर स्वारी केली, त्यामागेही हा व्यापार होता. 1846 च्या अमृतसर तहात गुलाबसिंहाने इंग्रजांना दरवर्षी बारा शेळ्या आणि तीन शालजोड्या द्यायच्या ठरल्या. तहात शेळ्या मोजल्या गेल्या, पाळणारे नाहीत. विणकरांचेही तेच. 1865 मध्ये श्रीनगरचे मुस्लिम शालविणकर जाचक कराविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि कित्येकांनी जीव गमावला. बौद्ध चांगपा आणि मुस्लिम विणकर एकाच धाग्याची दोन टोके होती. नफा मधल्यांचा झाला.

1962 च्या युद्धानंतर सीमा बंद झाली. तिबेटकडचा व्यापार थांबला, हिवाळी कुरणे हातची गेली. अवेळी बर्फ पडले की पिल्ले मरतात. अनेक कुटुंबे लेहजवळ येऊन मजुरी करू लागली.

उपाय काय? 2008 मध्ये काश्मीर पश्मीन्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हातकताई आणि हातविणीला त्याचा आधार झाला. चांगपांसाठी मात्र आधीची पायरी महत्त्वाची आहे. कच्च्या लोकरीतले राठ केस आणि धूळ काढली की निम्म्याहून जास्त वजन जाते, पण भाव चढतो तो त्यानंतरच. लेहमध्ये हे काम करणारा कारखाना आहे, पशुपालकांची सहकारी संस्थाही आहे. ऊस आपला आणि कारखानाही आपला, याचे मोल महाराष्ट्राला सांगायला नको. तेच चांगथांगला लागू आहे. त्याला कुरण, चारा आणि मुलांच्या शाळेची जोड हवी.

शाल टिकवायची तर आधी शेळीमागे चालणारा माणूस टिकला पाहिजे.