सौम्यांचे वतन

डोंगरावरच्या प्रवचनातले तिसरे धन्यवचन सौम्य माणसांना पृथ्वी देऊ करते. बायबल सोसायटीच्या मराठी भाषांतरात ही पृथ्वी नुसती मिळत नाही, तिचे ‘वतन’ मिळते. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांच्या दप्तरातला शब्द थेट मत्तयच्या शुभवर्तमानात! रोजच्या सवयीमुळे उपासनेत तो कानाला खटकत नाही. खटकायला हवा, कारण महाराष्ट्रात वतन आणि सौम्यपणा यांची गाठ सहसा भांडणातच पडत आली.

आधी सौम्य. हा शब्द सोमापासून आला. सोम म्हणजे चंद्र आणि यज्ञातला रसही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला ‘सोम्य’ अशी हाक मारतो, आणि चंद्राचा मुलगा म्हणून बुधाचेही एक नाव सौम्य. आज ताप सौम्य असतो, साबण सौम्य असतो, वर्तमानपत्रांत पोलिसांचा लाठीमारसुद्धा सौम्य असतो. शब्द इतका शीतळ झाला की त्याखालचा ग्रीक शब्द दिसेनासा झाला.

तो ग्रीक शब्द ‘प्राउस’. ॲरिस्टॉटलने त्याच्या गुणाला शीघ्रकोप आणि मुर्दाडपणा यांच्या मधोमध बसवले. पण प्रवचनकारांना अधिक आवडते ती घोड्याची गोष्ट: प्राउस म्हणजे शिकवून तयार केलेला युद्धातला घोडा, अंगात ताकद असून लगामाला मानणारा. गोष्ट झकास आहे, पण जेवढी सांगतात तेवढी खरी नाही. झेनोफोनने अश्वविद्येवरच्या पुस्तकात शिंगराबद्दल या कुळातला शब्द वापरला आहे. ते शिंगरू माणसाळलेले, हाताला सवकलेले असावे, एवढेच त्याचे म्हणणे. रणांगण पुढच्यांनी जोडले. मात्र ‘हाताला सवकलेले’ हा धागा सोडू नये. हे धन्यवचन ज्या स्तोत्राचा पडसाद आहे, त्याच्या लॅटिन भाषांतरात याच जागी ‘मान्सुएतुस’ आहे, आणि त्याची फोडही तीच होते: मानुस म्हणजे हात, त्याची सवय झालेला. ‘माणसाळलेला’ म्हणताना मराठीने अख्खा माणूस घेतला, लॅटिनने नुसता हात. ‘प्राउस’चे नाते संस्कृत ‘प्री’ धातूशी, म्हणजे आपल्या ‘प्रिय’शी लावण्याचा प्रयत्नही झाला. तो सर्वमान्य नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

अडते ते हिब्रूपाशी. येशूचे हे वचन स्वतंत्र नाही; 37 व्या स्तोत्राच्या अकराव्या ओळीचा तो पडसाद आहे. तिथला शब्द ‘अनाव’, अनेकवचनी ‘अनावीम’. त्याच्या धातूत वाकणे, दबणे, दडपले जाणे आहे, आणि दरिद्री, पीडित या अर्थाचा ‘अनी’ त्याचा सख्खा भाऊ. दोन्हींत फरक वाव आणि योद या एकेका अक्षराचा, आणि मृत समुद्राकाठी कुमरानला सापडलेल्या गुंडाळ्यांत ही दोन अक्षरे इतकी सारखी दिसतात की वाचणाऱ्याने घोटाळा केला तर त्याला दोष देता येत नाही. त्या गुंडाळ्यांत या स्तोत्रावरचे एक भाष्यही आहे. त्यात जमिनीचे हे वारस म्हणजे ‘गरिबांची मंडळी’, अर्थात ते भाष्य लिहिणारी जमात स्वतः. थोडक्यात, अनाव हा आधी परिस्थितीचा शब्द आणि मग स्वभावाचा. मोशेलाही तोरा अनाव म्हणते, आणि हा मोशे मिसरी माणसाला मारून वाळूत पुरणारा, रागाने दगडी पाट्या फोडणारा. त्याला कोणी गरीब गाय म्हणणार नाही.

स्तोत्राच्या त्याच ओळीच्या उत्तरार्धात शांती आहे: ‘शालोम’. तिला आपण अंतःकरणात नेऊन ठेवले, पण हिब्रूत या धातूचा एक अर्थ देणे चुकते करणे असा आहे. याच स्तोत्रात पुढे कर्ज काढून न फेडणारा दुर्जन येतो, आणि तिथल्या ‘फेडणे’चा धातूही हाच. आपल्या रानात बसावे, कुणाचे देणे डोक्यावर नसावे: स्तोत्रकर्त्याची मनःशांती अशी सातबाऱ्याला लागून आहे.

आता वतन. अरबीत वतन म्हणजे राहते ठिकाण, मायभूमी. हिंदी सिनेमातली गाणी त्याच अर्थाने गातात. दख्खनच्या सुलतानशाह्यांत मराठीने त्याला पिढीजात हक्काच्या जमिनीला, कामाला आणि मानपानाला जुंपले. या वतनापायी गोतसभा बसल्या, महजर झाले, उकळत्या तेलात हात घालून दिव्ये केली गेली. शिवाजी महाराजांनी वतनदारांचे हुडे-वाडे पाडले, असे सभासद बखर सांगते. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य वतनदारांना राज्याचे दायादच म्हणतात: आहे त्यावर समाधान नाही, दुसऱ्याचे ओढायला टपलेले.

मग भाषांतरकारांनी हा शब्द घेतला कसा? एक सरळ उत्तर असे की यहोशवाने इस्राएलच्या वंशांना वाटून दिलेल्या जमिनीलाही मराठी बायबल वतनच म्हणते, तोच ठरीव शब्द इथे आला. खरे आहे, पण त्याने वतन या शब्दाची बाजू बळकटच होते. ग्रीक क्रियापदाच्या पोटात ‘क्लेरोस’ आहे, म्हणजे वाटणीची चिठ्ठी, आणि यहोशवाची वाटणी चिठ्ठ्या टाकूनच झाली होती. एक आक्षेप मात्र कडक आहे: ‘मिरास’ हा शब्द हाताशी होता, अरबीत तो खुद्द वारसाच, मग तो का डावलला? इथे अंदाजच करावा लागतो. मिरास मुख्यतः शेताची, वतनात शेत, चाकरी आणि पोळ्याचा मान तिन्ही येतात. दबलेल्याला नुसती जमीन देऊन भागत नाही, त्याला गावात जागा द्यावी लागते. भाषांतराला बसलेल्या पंडितांना हे ठाऊक नसेल, हे पटत नाही.

ऐकणाऱ्यांना तर नक्कीच ठाऊक होते. अमेरिकन मिशनने 1831 साली अहमदनगरला ठाणे मांडले, आणि पुढे तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांत महार-मांग समाजांतली माणसे मोठ्या संख्येने आली. त्यांच्याकडे वतन होते, पण ते राबवून घेणारे: वेठ जास्त, जमीन थोडी. धर्म बदलला म्हणून वारसा जाणार नाही, हे सांगायला 1850 चा एकविसावा कायदा करावा लागला होता. अशा माणसापुढे पृथ्वीच्या वतनाचे वचन वाचले की ते निव्वळ स्वभावाचे कौतुक राहत नाही. पुढे 1928 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासाठी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा वाद याच शब्दाचा होता.

कुलकर्णी वतन 1950 च्या कायद्याने गेले, महार वतन 1958 च्या आणि मुलकी पाटलांचे 1962 च्या. मत्तयच्या पाचव्या अध्यायातले मात्र अजून खालसा झालेले नाही.