अमेरिकन व्हिस्कीची पारख

सोनें कसोटीवर घासून पाहतात, तांदूळ ओंजळींत घेऊन हुंगतात, तूप तळहातावर चोळून पाहतात. ज्या मालांत लबाडी होऊं शकते, त्या प्रत्येक मालासाठीं गिऱ्हाइकानें कांहीं ना कांहीं घरगुती परीक्षा शोधून काढलेली असते. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांत अशा परीक्षेची फार गरज पडे तो एक माल म्हणजे व्हिस्की. आज त्या देशांत चार मित्रांनीं घरीं जमावें, लहान प्याल्यांत थोडी थोडी बर्बन किंवा राय ओतावी, आणि तिच्या वासाची व चवीची चर्चा करावी, अशी हौस पुष्कळ ठिकाणीं रूढ झाली आहे. वरवर पाहतां ही रिकामपणची करमणूक वाटेल. परंतु तिच्या मागें दोनशें वर्षांचा एक झगडा आहे. बाटलींत काय आहे हें कोणीं ठरवावयाचें : विकणाऱ्यानें, सरकारनें, कीं पिणाऱ्याच्या जिभेनें?

प्रथम नांवांचा उलगडा केलेला बरा. राय हें गव्हाच्या जवळचें, थंड हवेंत व हलक्या जमिनींत येणारें धान्य आहे. आपल्याकडील राईशीं, म्हणजे मोहरीशीं, त्याचा कांहीं संबंध नाहीं. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलंड या प्रांतांत वसलेल्या शेतकऱ्यांनीं या धान्याची व्हिस्की गाळण्यास सुरुवात केली. डोंगरापलीकडे केंटकींत मका उदंड पिके, म्हणून तेथील भट्ट्या मक्यावर चालल्या. या मक्याच्या व्हिस्कीला पुढें बर्बन म्हणूं लागले. स्वातंत्र्ययुद्धांत फ्रान्सच्या राजानें अमेरिकेला साह्य केलें, त्याच्या बूर्बन घराण्याचें नांव १७८५ सालीं तिकडील एका परगण्याला देण्यांत आलें होतें. तें मद्याला नेमकें कसें चिकटलें याविषयीं अनेक कथा आहेत. एलायजा क्रेग नांवाच्या एका बाप्टिस्ट उपदेशकानें आंतून जाळलेल्या पिंपांत प्रथम व्हिस्की भरली, ही त्यांतील सर्वांत गोड कथा. पुराव्यानें मात्र ती लंगडीच आहे.

या धंद्यांत मोठमोठ्यांनीं हात घातला होता. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष असतांना व्हिस्कीवरील १७९१ च्या कराविरुद्ध पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांनीं बंड केलें, तें मोडण्यासाठीं १७९४ सालीं तो स्वतः फौजेबरोबर निघाला. पुढें तीनच वर्षांनीं, १७९७ सालीं, जेम्स अँडरसन या आपल्या स्कॉच कारभाऱ्याच्या सल्ल्यावरून त्यानें माउंट व्हर्नन येथील जहागिरींत स्वतःची भट्टी लावली. तेथील धान्याचें प्रमाण शेंकडा ६० राय, ३५ मका आणि ५ मोड आणलेले जव असें होतें. १७९९ सालीं त्या भट्टींतून जवळजवळ ११,००० गॅलन माल निघाला. हा माल बहुतेक ताजाच विकला जाई आणि पाण्यासारखा पांढरा असे. पिंपांत वर्षानुवर्षें मुरवून तांबूस झालेली व्हिस्की ही मागाहूनची गोष्ट आहे.

त्या काळीं गिऱ्हाइकाला मुख्य धास्ती एकच, ती म्हणजे पाण्याच्या भेसळीची. तेव्हां परीक्षाहि ताकदीच्याच होत्या. इंग्लंडांतून आलेली एक जुनी रीत अशी कीं, बंदुकीची दारू मद्यांत भिजवून तिला बत्ती लावावी. ती पेटली तर मद्य खरें, विझली तर त्यांत पाणी फार. या पुराव्याच्या रीतीवरूनच ‘प्रूफ’ हा शब्द राहिला. आज अमेरिकेंत मद्यार्काच्या शेंकडा प्रमाणाच्या दुपटीला प्रूफ म्हणतात. म्हणजे १०० प्रूफ ही निम्मी मद्यार्क असलेली व्हिस्की होय. घरांतली रीत याहून सोपी होती. बाटली जोरानें हलवावी आणि वर येणारे बुडबुडे पाहावे. बुडबुडे टपोरे असून कांहीं वेळ टिकले तर माल जोरदार, झटकन फुटले तर पातळ. अंगठ्यानें बाटलीचें तोंड दाबून ही परीक्षा दुकानांत उभ्या उभ्या करतां येई, आणि तिला मोलहि पडत नसे.

पुढें मालांतच पालट झाला. केंटकींतील ऑस्कर पेपर यांच्या भट्टीवर जेम्स क्रो हा स्कॉटलंडांत शिकलेला गृहस्थ काम करीत असे. तो १८५६ सालीं वारला. त्यानें तापमापक व शर्करामापक ही उपकरणें भट्टींत आणलीं, आणि आदल्या खेपेचें आंबट पाणी पुढच्या खेपेंत घालण्याची पद्धत शिस्तीनें पाळली. ज्या गृहिणीनें दह्याचें विरजण राखून ठेवलें आहे तिला यांतलें मर्म सांगावयास नको. आंबटपणामुळें नको ते जंतू वाढत नाहींत आणि आजची खेप कालच्यासारखीच उतरते. ‘ही व्हिस्की अमुक चवीची’ असें म्हणण्याला तेव्हांपासून कांहीं अर्थ आला. चवीची पारख करावयाची तर माल दर खेपेला सारखा असावा लागतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

दुसरा पालट लाकडाचा. ओकच्या पिंपाची आंतली बाजू जाळून तिचा कोळसा करीत, आणि त्यांत व्हिस्की वर्षानुवर्षें ठेवीत. कोळसा उग्र वास ओढून घेतो. कोळशामागें लाकडाचा जो भाजलेला थर असतो, त्यांतील साखर तांबूस होऊन मद्यांत उतरते. लाकडांतील लिग्निन या द्रव्यापासून व्हॅनिलाचा वास निर्माण होतो. ओकमध्येंच एक द्रव्य असें आहे कीं त्याचा वास थेट खोबऱ्यासारखा येतो, आणि दुसरें युजेनॉल, जें आपल्या लवंगेंत असतें. केंटकीच्या कडक उन्हाळ्यांत मद्य प्रसरण पावून लाकडांत शिरतें, थंडींत पुन्हां बाहेर येतें. अशा चार-सहा फेऱ्या झाल्या म्हणजे पांढरा उग्र अर्क तांबूस व मवाळ होतो. गिऱ्हाईक आतां रंग पाहून वय ओळखूं लागलें. आणि लबाडालाहि नेमकें हेंच हवें होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शुद्ध मद्यार्क स्वस्तांत गाळणारीं यंत्रें आलीं. त्यावर रंग व वास चढवून त्याची ‘जुनी व्हिस्की’ बनविणारे व्यापारी पुढें आले. १८५३ सालीं न्यूयॉर्कांत पिअर लाकूर यांचें एक पुस्तक प्रसिद्ध झालें. भट्टी न लावतां मद्यें कशीं तयार करावीं, हाच त्याचा विषय. असल्या पुस्तकांतून जळकी साखर घालून रंग आणण्याच्या आणि निरनिराळे अर्क मिसळून वास आणण्याच्या कृती उघड छापलेल्या असत. त्यांतील एक कृति तर विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. बदामाचें तेल आणि गंधकाम्ल यांचें मिश्रण थोडेंसें टाकलें म्हणजे पाणचट मद्यावरहि टपोरे, टिकाऊ बुडबुडे येत. गिऱ्हाइकाची ती बिनमोलाची, अंगठ्याखालची परीक्षा एवढ्यानें निकामी झाली. डोळ्याला साखरेनें फसविलें, बुडबुड्यांना तेलानें फसविलें, नाकाला अर्कांनीं फसविलें. प्रत्येक कसोटी पुरेशी प्रसिद्ध झाली कीं ती फसविण्याचें साधनहि बाजारांत येतें, याचें याहून स्वच्छ उदाहरण सांपडणें कठीण.

तेव्हां पारखीचें काम हळूहळू घराबाहेर गेलें. ल्वीव्हिलच्या जॉर्ज गार्व्हिन ब्राउन यानें १८७० सालीं ‘ओल्ड फॉरेस्टर’ ही बर्बन केवळ मोहोरबंद बाटल्यांतून विकण्यास काढली. तो पूर्वी औषधांचा विक्रेता होता, आणि रोग्यांना व्हिस्की लिहून देणाऱ्या डॉक्टरांना खात्रीचा माल हवा होता. त्यापूर्वी दुकानदार पिंपांतून काढून देई, आणि पिंपांत मध्येंच काय पडलें हें त्याला आणि देवालाच ठाऊक. पुढें कर्नल एडमंड टेलर आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल या दोघां केंटकीकरांच्या खटपटीनें ३ मार्च १८९७ रोजीं एक कायदा झाला. एकाच भट्टीची, एकाच हंगामांतली, सरकारी कुलुपाखालीं निदान चार वर्षें मुरलेली, आणि नेमकी १०० प्रूफ ताकदीची अशी व्हिस्की असेल तरच तिच्या बुचावर सरकारची हिरवी पट्टी लागे. टेलर स्वतः भट्टीवाला. मिश्रण करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना तो पाण्यांत पाही. स्वार्थांतून निघालेला असा हा कायदा, तरी गिऱ्हाइकाचें त्यानें निश्चित भलें केलें.

१९०६ सालीं अन्न व औषध यांच्या शुद्धतेचा कायदा आला, आणि मोठाच वाद माजला. मुळांत व्हिस्की म्हणजे काय? सरकारी रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांचें म्हणणें असें कीं, धान्यापासून गाळून लाकडांत मुरविलेली तीच व्हिस्की. शुद्ध मद्यार्काला रंग दिला तर ती नक्कल. सरकारचे मुख्य कायदेपंडित चार्ल्स बोनापार्ट यांनीं १९०७ सालीं हाच पक्ष उचलून धरला. हे गृहस्थ सम्राट नेपोलियनच्या धाकट्या भावाचे नातू. परंतु मिश्रण करणारे व्यापारी स्वस्थ बसले नाहींत. अखेर अध्यक्ष टॅफ्ट यांनीं, जे पूर्वी न्यायाधीश होते, दोन्ही बाजू ऐकून डिसेंबर १९०९ मध्यें निर्णय दिला. धान्याचा मद्यार्क असेल तर त्याला व्हिस्की म्हणावें, मात्र मिश्रण असेल तर तसें स्पष्ट लिहावें; काकवीच्या मद्यार्काला तें नांव घेण्याचा अधिकार नाहीं. वायलींना हा निर्णय रुचला नाहीं. तथापि कोणीहि कांहींहि विकावें ही मुभा गेली, आणि चिठ्ठीवरील अक्षरांना वजन आलें.

हें सर्व स्थिर होत आहे तोंच १७ जानेवारी १९२० पासून सबंध देशांत दारूबंदी अंमलांत आली, ती ५ डिसेंबर १९३३ पर्यंत टिकली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर थोडी व्हिस्की मिळे. इतर लोक चोरट्या मालाकडे वळले, आणि त्यांत कारखान्यांसाठीं मुद्दाम विषारी केलेला मद्यार्क येऊं लागला. येथें जिभेच्या पारखीची हद्द संपते. मिथिल मद्यार्क चवीला वा वासाला वेगळा ओळखूं येत नाहीं. तो डोळे आणि प्राण घेतो. अमेरिकेंत त्यानें पुष्कळ बळी घेतले. मुंबईंत मालाड-मालवणीस जून २०१५ मध्यें शंभरांवर माणसें मेलीं तीं याच विषानें. पिणाऱ्यांत सराईत लोक नव्हते असें नाहीं. म्हणून घरच्या परीक्षेच्या आधीं चिठ्ठी आणि कायदा हवा, हा क्रम उलटा करून चालत नाहीं.

दारूबंदी उठल्यावर नियम अधिक कडक झाले. बर्बनमध्यें निदान शेंकडा ५१ मका आणि रायमध्यें शेंकडा ५१ राय असावी. गाळतांना ताकद १६० प्रूफच्या वर जाऊं नये. पिंप ओकचें, नवें व आंतून जाळलेलें असावें. ‘स्ट्रेट’ म्हटलेली व्हिस्की निदान दोन वर्षें मुरलेली असते, आणि चार वर्षांहून कमी मुरली असेल तर वय छापावेंच लागतें. एकदां वापरलेलीं हीं पिंपें पुष्कळदां स्कॉटलंडास जातात. १९६४ सालीं अमेरिकन काँग्रेसनें बर्बन हें त्या देशाचें वैशिष्ट्यपूर्ण मद्य असल्याचें जाहीर केलें. पुढें या धंद्याला उतरती कळा लागली. १९८४ सालीं एल्मर ली यांनीं ‘ब्लँटन्स’ ही एकेका पिंपाची निराळी बर्बन काढली, १९८८ मध्यें ‘बुकर्स’ ही पाणी न घातलेली आली, आणि एका भट्टीच्या दोन पिंपांत सुद्धां किती अंतर पडतें हें लोकांना घरबसल्या कळूं लागलें.

अशा रीतीनें खरेंखोटें ठरविण्याचें काम कायद्यानें घेतलें, आणि घरच्या पारखीसाठीं बरें कोणतें एवढाच प्रश्न उरला. तोहि सोपा नाहीं, कारण आतां फसविणारा बाहेरचा नसून आपलाच समज असतो. इंडियाना प्रांतांत लॉरेन्सबर्ग येथें एक मोठी भट्टी आहे. तेथील शेंकडा ९५ राय असलेली व्हिस्की कित्येक निरनिराळ्या व्यापाऱ्यांनीं निरनिराळ्या नांवांनीं व निरनिराळ्या किंमतींना विकली आहे. बाटली समोर असतांना महाग ती चांगली वाटणें हा मनुष्यस्वभाव. याला उपाय म्हणजे प्याल्यांवर आंकडे घालून दुसऱ्याकडून ओतवून घेणें. त्यांतहि अधिक कठोर रीत तीन प्याल्यांची. दोहोंत एकच माल, तिसऱ्यांत दुसरा. वेगळा कोणता तें सांगावें. १९४० नंतरच्या दशकांत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यांत बिअरसाठीं आणि अमेरिकेंत सीग्रॅम कंपनींत व्हिस्कीसाठीं ही रीत वापरली गेली. नुसत्या अंदाजानेंहि तीनदां एकदां उत्तर बरोबर येतें. म्हणून ती पांच-सहा वेळां फिरवून करावी लागते, आणि तेव्हां भल्याभल्यांची जीभ उघडी पडते.

बाकीची रीत साधी आहे. तोंडाशीं निमुळता होणारा प्याला घ्यावा, तळाशीं थोडीशीच व्हिस्की ओतून ती कांहीं मिनिटें तशीच राहूं द्यावी. नाक प्याल्यांत खुपसूं नये. तोंड किंचित् उघडें ठेवून दुरून वास घ्यावा, नाहीं तर मद्यार्काच्या झणक्यानें नाक बधिर होतें. एक घोट कोरा, दुसरा पाण्याचे थेंब घालून. पाण्यानें पुष्कळदां दडलेला वास वर येतो. कमी ताकदीची आधीं, जोरदार मागून. एका बैठकींत तीन-चारांहून अधिक नकोत, मध्यें साधा पाव व पाणी. अत्तर, उदबत्ती आणि फोडणीचा वास त्या खोलींत नसावा. मिरीं, लवंग, पुदिना यांची आठवण रायमध्यें येते. बर्बनमध्यें भाजलेली साखर, व्हॅनिला, खोबरें. पिंपांत फार काळ राहिलेली असेल तर फार उकळलेल्या चहासारखा तुरटपणा जिभेवर बसतो. जुनी तेवढी चांगली, ही समजूत अशा वेळीं गळून पडते. प्रत्येकानें आपले शब्द आधीं कागदावर लिहावे आणि मगच बोलावें, कारण पहिला बोलणारा बाकीच्यांची जीभ आपल्याकडे ओढतो.

माउंट व्हर्ननची जुनी भट्टी पुढें आगींत नष्ट झाली होती. ती पुन्हां बांधून २००७ सालीं लोकांस खुली झाली, आणि वॉशिंग्टनच्या त्याच ६०, ३५, ५ या प्रमाणानें तेथें पुन्हां राय गाळली गेली. पांढरी, न मुरवलेली आणि पिंपांत मुरवलेली अशी दोन्ही रूपांत ती विकली गेली आहे. धान्य एक, भट्टी एक, पाणी एक. दोन प्याले शेजारी ठेवले कीं एकांत भिजलेल्या धान्याचा कच्चा, गोडसर वास येतो आणि दुसऱ्यांत त्याच धान्यावर लवंग, खोबरें आणि भाजलेली साखर चढलेली असते. लाकडानें काय दिलें तें हिशेबाला तेवढेंच उरतें.