न दिसणाऱ्या थरांचा आकार

कागदाला लांबी आणि रुंदी या दोनच मिती असतात. भूवैज्ञानिकाला मात्र तिसरी मितीही हवी असते. एखादा थर जमिनीवर कोठे उघडा पडला आहे एवढे कळून त्याचे भागत नाही. तो खाली किती खोल गेला आहे, कोणत्या बाजूला कलला आहे, पुढे जाड होतो की विरत जातो, हेही कळावे लागते. आज संगणकाच्या पडद्यावर गाळाच्या थरांची त्रिमितीय प्रतिकृती हवी तशी फिरवून पाहता येते. पण ती तयार होते मोजक्या ठिकाणच्या निरीक्षणांवरून. मधल्या भागाविषयी आपण अनुमानच करतो. असे अनुमान करायला माणूस कसा शिकला, ते येथे पाहू.

खालचा थर जुना आणि वरचा नवा, हे निकोलस स्टेनो याने १६६९ मध्येच सांगितले होते. पण दोन गावांतले थर एकच आहेत की वेगळे, हे कसे ओळखायचे? या प्रश्नाचे व्यवहारात उपयोगी पडणारे उत्तर दिले ते विल्यम स्मिथ या इंग्रज मोजणीदाराने. लोहाराच्या घरात १७६९ मध्ये जन्मलेला स्मिथ फारसा शिकलेला नव्हता. १७९०च्या दशकात सॉमरसेट परगण्यातील कोळशाच्या खाणीत तो उतरला, तेव्हा थरांचा क्रम ठरलेला असतो असे त्याला दिसले. पुढे कोळसा वाहून नेण्यासाठी तेथे कालवा खोदण्यात आला. त्याच्या दोन शाखा शेजारशेजारच्या दोन खोऱ्यांतून जात होत्या, आणि दोन्हीकडे तेच थर त्याच क्रमाने, पूर्वेकडे किंचित कललेले आढळले. रंगाने आणि पोताने सारखे दिसणारे थरही आतल्या जीवाश्मांवरून वेगळे ओळखता येतात, हे त्याच्या ध्यानात आले.

हा केवळ अभ्यासकांच्या आवडीचा विषय नव्हता. त्या काळी काळसर माती किंवा शेल दिसला की जमीनदार कोळशाच्या आशेने खोल विहिरी खणत आणि पैसा बुडवून बसत. स्मिथच्या क्रमात यांतले कित्येक काळे थर कोळशाच्या थरांच्या पुष्कळच वर येत होते. त्यांतला जीवाश्म पाहून ‘येथे खणू नका’ असे सांगता येऊ लागले.

१८१५ मध्ये स्मिथने इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. तो सुमारे अडीच मीटरहून उंच होता. त्यात एक युक्ती होती. प्रत्येक थराचा रंग तळाच्या कडेला गडद आणि दुसरीकडे फिका होत गेलेला होता. त्यामुळे कोणता थर कोणाखाली जातो, हे सपाट कागदावरही दिसे. पण या कामाने स्मिथला श्रीमंती दिली नाही. १८१९ मध्ये कर्जापायी त्याला काही आठवडे लंडनच्या तुरुंगात काढावे लागले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्याला पहिले वोलास्टन पदक दिले ते १८३१ मध्ये.

रंगाच्या छटेवरून खोलीची कल्पना सर्वांनाच करता येते असे नाही. ही अडचण सोडवली थॉमस सॉपविथ याने. हा न्यूकॅसलचा खाण-मोजणीदार. वडिलांच्या कारखान्यात सुतारकाम शिकलेला. निरनिराळ्या रंगांच्या लाकडी फळ्या एकमेकींना चिकटवून त्याने ठोकळे बनवले आणि वरच्या बाजूला खोरी कोरली. १८४१ मध्ये त्याने अशा बारा प्रतिकृतींचा संच वर्णनासह प्रसिद्ध केला. कललेला थर खोऱ्यातून जाताना त्याची रेषा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी वळते. हे टोक खोऱ्याच्या वरच्या बाजूला आहे की खालच्या, यावरून थराच्या उताराची दिशा समजू शकते. प्रस्तरभंगामुळे थर तुटून सरकला की तो पुढे कोठे शोधावा, हेही हा ठोकळा हातात घेऊन समजे. चार्ल्स लायेलने आपल्या पाठ्यपुस्तकात या प्रतिकृतींचा आधार घेतला.

लाकूड आकार दाखवते; पण त्यातला कोणता भाग पाहिलेला आणि कोणता कल्पिलेला, हे दाखवत नाही. ही उणीव दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत जाणवली. तेथील सोने फार प्राचीन गाळाच्या, गोटेमिश्रित खडकात आहे. नमुन्यांवरून अतिसमृद्ध ठरलेले भाग खणल्यावर अपेक्षेहून कमी सोने देत. निकृष्ट ठरलेले थोडे अधिक देत. डॅनी क्रीग या अभियंत्याने १९५१ मध्ये याचे कारण सांख्यिकीच्या आधारे मांडले. एकाच चाचणीत पहिला आलेला विद्यार्थी पुढच्या चाचणीत बहुधा थोडा खाली येतो, तसाच हा प्रकार. थोड्या नमुन्यांवर फार विसंबू नये. आजूबाजूच्या मोजमापांनाही योग्य वजन द्यावे. फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ याने १९६०च्या दशकात याला पक्के गणिती रूप दिले आणि पद्धतीला क्रीगचे नाव दिले. या पद्धतीत अंदाजासोबत तो किती चुकू शकेल हेही मिळते. आजच्या अनेक संगणकीय प्रतिकृतींत ती वापरतात.

आपल्याकडे विदर्भात वर्धेच्या खोऱ्यात गोंडवना काळच्या गाळाच्या खडकांत कोळसा आहे. पश्चिमेकडे हे थर दख्खनच्या बेसॉल्टखाली झाकले जातात. तेथे वरून पाहून काही उमगत नाही. आम्हा भूवैज्ञानिकांना वेधन करून मिळणाऱ्या नमुन्यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून नकाशावरील प्रत्येक रेषेबद्दल ‘हे पाहिले की मानले?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी लागते.

ही सवय वर्गातही लावता येईल. सपाट मैदानात तीन ठिकाणी वेधन केले आहे असे समजा. ‘अ’पासून ‘ब’ २०० मीटर पूर्वेस आणि ‘क’ २०० मीटर उत्तरेस आहे. कोळसा ‘अ’ आणि ‘क’ येथे २० मीटरवर, तर ‘ब’ येथे ४० मीटरवर लागला. थर कोणत्या दिशेला, किती उताराने गेला आहे? तो पश्चिमेला कोठे जमिनीवर दिसावा? ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या बरोबर मध्ये कोळसा ३० मीटरवर लागायला हवा. तेथे तो ४५ मीटरवर लागला, तर काय काय घडले असू शकेल? विद्यार्थ्यांना उत्तरे देऊ द्यावीत. आणि आपले उत्तर तपासण्यासाठी पाचवे वेधन कोठे घ्याल, हेही त्यांना विचारावे.