दुचाकीच्या इंजिनावर चालणारी मोटार

दुचाकीच्या इंजिनावर चालणारी मोटार म्हणजे मोटारसायकलसाठी घडवलेले इंजिन बसवलेली लहान चारचाकी. १९५५ साली जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने ‘इसेटा’ या चिमुकल्या गाडीत आपल्याच मोटारसायकलचे २४७ सीसीचे इंजिन वापरले होते. गाडी मुळातच हलकी असल्याने ते जमले. अमरावती-अकोल्याकडील गॅरेजांत एखाद्या जुन्या मारुतीबाबत असा विचार निघतो, तेव्हा प्रश्न वेगळा असतो.

तांत्रिक अडचणी

अश्वशक्तीचा आकडा येथे फसवा ठरतो. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन सुमारे ३७ अश्वशक्ती देते, तर चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचे पूर्वीचे ३७३ सीसीचे इंजिन सुमारे ४३. परंतु मारुतीचा टॉर्क, म्हणजे दंड फिरवणारा पीळ, सुमारे ५९ न्यूटन-मीटर असून तो मिनिटाला २,५०० फेऱ्यांनाच हाती येतो. ड्यूकचा जेमतेम ३७, तोही ७,००० फेऱ्यांना. दुचाकीच्या भाराला पुरणारा क्लच साडेसहाशे किलोंची गाडी उठवताना घसरतो, तापतो आणि जळतो. मागचे दातेरी चाक मोठे घेतल्यास ओढ वाढते, पण वेग घटतो.

दुचाकीच्या गिअरबॉक्समध्ये सहसा रिव्हर्स गिअर नसतो. साखळीवर फिरणाऱ्या आसाला डिफरन्शियल जोडले नाही, तर वळणावर टायर घासतात. सर्वांत दुर्लक्षित बाब तेलाची. दुचाकी वळताना कलते, म्हणून तेल तळाशीच राहते; मोटार न कलता वळते, तेल एका बाजूस सरकते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. मग बेअरिंग निकामी व्हायला वेळ लागत नाही. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा! मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि वाऱ्यावर थंड होणारे इंजिन बॉनेटखाली कोंडलेले असते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना वेग कमी, भार जास्त, वारा नाही. तेथे हे सारे दोष एकदमच उघडे पडतात.

महाराष्ट्रातील उदाहरणे

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे (यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव) येथील एका कारागिराने भंगारातून घडवलेली, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी जीपवजा गाडी डिसेंबर २०२१ मध्ये गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, ती नियमांत बसत नसल्याचेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. कारखान्यात घडलेले नमुनेदार उदाहरण म्हणजे बजाज ‘क्यूट’. तिचे एक सिलिंडरचे २१६ सीसीचे इंजिन पाण्याने थंड होते, गिअर दुचाकीसारखे क्रमाने पडतात, पण रिव्हर्सची सोय आहे. तिच्यासारख्या वाहनांसाठी कायद्यात ‘क्वाड्रिसायकल’ हा स्वतंत्र वर्ग करावा लागला.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकास प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी ‘एमएच २७’ची असो वा ‘एमएच ३०’ची, अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडू शकतो. ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धांसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी ७१० सीसीपर्यंतची दुचाकी इंजिने वापरतात, त्या गाड्या मात्र बंदिस्त धावपट्टीवरच धावतात.