घर बदलताय? टेम्पो कोणता घ्यायचा आणि सामान कसं बांधायचं, हे आधी वाचा

सकाळी आठला बोलावलेला टेम्पो दहाला येतो. सामान चढायला लागतं. दोन तासांनी टेम्पो गच्च भरतो, पण फ्रिज, गादी आणि सोफा अजून खालीच उभे असतात. ड्रायव्हर म्हणतो, "दुसरी फेरी मारावी लागेल दादा, पैसे वेगळे होतील." आता ऐन वेळी नाही कसं म्हणणार?

आपल्याकडे भाड्याच्या घराचा करार बहुतेक वेळा ११ महिन्यांचा असतो. त्यामुळे कित्येक कुटुंबांना दर एक-दोन वर्षांनी हा अनुभव येतो. भांडणं आणि नुकसान होण्याची कारणं मात्र ठरलेली असतात. सामान न मोजता गाडी बोलावलेली असते आणि व्यवहार लेखी झालेला नसतो. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं काम मेहनतीचं आहे, अवघड नाही.

वजन नाही, जागा मोजा

गाडी ठरवताना लोक विचारतात, "किती टनाची आहे?" पण घरसामानात वजनाच्या आधी जागा संपते. सोफा, गादी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खोकी हलकी असतात, पण जागा खूप खातात. म्हणून हौद्याची लांबी आणि रुंदी विचारा. नेहमी मिळणाऱ्या गाड्या साधारण अशा असतात (मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो):

• छोटा हत्ती (टाटा एस) : हौदा सुमारे ७ फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद, क्षमता पाऊण टनाच्या आसपास. एक खोली किंवा एकट्याचं सामान.
• पिकअप (बोलेरो पिकअप वगैरे) : ८ ते ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, सव्वा ते पावणेदोन टन. वन बीएचके.
• ४०७ : ९ ते १० फूट लांब, ६ फुटांच्या आसपास रुंद. भरलेला वन बीएचके किंवा कमी सामानाचा टू बीएचके.
• १४ फुटी आयशर : टू बीएचके आणि त्याच्या पुढे, किंवा दुसऱ्या शहरात जायचं असेल तर.

आता एका वन बीएचकेचा हिशोब करू. लांबी, रुंदी आणि उंची फुटात मोजून गुणाकार केला की घनफूट मिळतात. फ्रिज २०, वॉशिंग मशीन १२, लोखंडी कपाट ३०, गादी १६, सुटा केलेला पलंग २०, दोन जणांचा सोफा ३० आणि दीड फुटी २५ खोकी मिळून ८५. बेरीज झाली २१३ घनफूट. सामान एकमेकांना अगदी चिकटून बसत नाही, म्हणून त्यात चौथा हिस्सा वाढवा. आकडा येतो साधारण २६५.

छोट्या हत्तीत ५ फूट उंचीपर्यंत रचलं तरी १६५-१७० घनफूटच मावतं. पिकअपमध्ये ६ फुटांपर्यंत रचलं तर २८० च्या आसपास. म्हणजे हे घर छोट्या हत्तीच्या एका फेरीत बसणारच नाही, हे आदल्या आठवड्यातच कळलं. दहा मिनिटांच्या या गणिताने दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतात.

पुस्तकं, धान्याचे डबे, पाटा-वरवंटा किंवा व्यायामाची वजनं जास्त असतील तर मात्र वजनाचाही विचार करा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर दंड होतो, आणि भरलेल्या गाडीचा ब्रेक उशिरा लागतो तो धोका वेगळाच.

मोजपट्टी हातात आहे तर नव्या घराची लिफ्ट, जिन्याचं वळण आणि मुख्य दरवाजाही मोजून घ्या. जुन्या घरातून निघालेला सोफा नव्या घराच्या जिन्यात अडकला, असं हमखास होतं.

गाडी कुठून ठरवायची?

पाच-सात किलोमीटरच्या आत जायचं असेल तर नाक्यावरचा टेम्पो सोयीचा पडतो. माणूस ओळखीचा असतो आणि घासाघीस करता येते. फक्त हमाल त्याचे की तुमचे, हे आधी ठरवा.

ॲपवरून गाडी मागवली तर भाडं आधी दिसतं. पण त्यात चढवण्या-उतरवण्यासाठी ठरावीक मिनिटंच मोफत असतात, पुढे वेटिंगचे पैसे लागतात. ड्रायव्हर सामान उचलेलच असं नाही. सगळं बांधून तयार असेल, तरच ॲप स्वस्त पडतं.

दुसऱ्या शहरात जायचं असेल किंवा घरात उचलायला माणसं नसतील, तर पॅकर्स अँड मूव्हर्स बरे. तिथे सावध कसं राहायचं ते पुढे पाहू.

गाडी कोणतीही असो, पिवळ्या नंबरप्लेटची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची घ्या. महिन्याची ३०, ३१ आणि १ तारीख व रविवार टाळता आले तर टाळा. सगळ्यांचे करार त्याच सुमारास संपतात, त्यामुळे गाडी महाग मिळते किंवा मिळतच नाही.

हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या

• हमाल किती असतील? त्यांचे पैसे भाड्यात धरले आहेत का?
• कोणता मजला, लिफ्ट आहे की नाही, हे सांगितल्यावर तोच दर राहील का?
• टोल, पार्किंग आणि परतीचं भाडं कोण देणार?
• ताडपत्री आणि दोर गाडीत आहेत का?
• पलंग आणि कपाट खोलणं-जोडणं कोण करणार?

सोसायटीलाही आधी विचारा. बऱ्याच सोसायट्यांमध्ये सामान आणण्याची वेळ ठरलेली असते, आधी परवानगी लागते आणि काही ठिकाणी लिफ्ट वापरायचे पैसे घेतात. गेटवर वाद झाला तर गाडीचं वेटिंग तुमच्याच बिलात चढतं.

पावतीवरचा तो एक आकडा

पॅकर्स अँड मूव्हर्सच्या नावाखाली होणारी फसवणूक आता नवी राहिलेली नाही. फोनवर स्वस्त दर सांगायचा, थोडा ॲडव्हान्स घ्यायचा, सामान गाडीत चढलं की "सामान जास्त आहे" म्हणून दर वाढवायचा आणि पैसे मिळेपर्यंत सामान उतरवायचं नाही. घर न पाहता किंवा व्हिडिओ कॉलवर सामान न बघता पक्का दर सांगणाऱ्यापासून लांब राहा. कंपनीचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघा. सगळे पैसे आधी देऊ नका.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पावतीची आहे. पावती देऊन लोकांचा माल नेणाऱ्या वाहतूकदारांना २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट लागू होतो. माल हरवला किंवा मोडला तर ते जबाबदार असतात, पण या जबाबदारीला मर्यादा आहे. वेगळा करार नसेल तर जास्तीत जास्त भाड्याच्या दहापट, आणि तीही तुम्ही कागदावर जाहीर केलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही.

म्हणजे १२,००० रुपये भाडं दिलं तर कमाल मर्यादा १,२०,००० रुपये. पण पावतीवर मालाची किंमत कुणी घाईघाईत ५,००० लिहिली आणि तुम्ही सही केलीत, तर टीव्ही फुटल्यावर तुमचा दावा ५,००० पाशीच अडकू शकतो. म्हणून यादी करा, प्रत्येक मोठ्या वस्तूची आजची खरी किंमत लिहा आणि तोच आकडा पावतीवर येऊ द्या.

नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. तशी नोटीस दिलेली नसेल तर दावा करता येत नाही. फोनवरचं भांडण इथे उपयोगाचं नाही.

बिलात "इन्शुरन्स" म्हणून पैसे लावले असतील तर विमा कंपनीच्या पॉलिसीची प्रत मागा. मूव्हर्सवाला स्वतः विमा देऊ शकत नाही. आणि ई-वे बिलाच्या नावाने कुणी पैसे मागितले, तर वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे, हे लक्षात असू द्या. सामानाची यादी मात्र गाडीत ठेवा.

बांधाबांध

सुरुवात फेकण्यापासून करा. तीन वर्षं न उघडलेलं खोकं परत भाडं देऊन नेण्यात काही अर्थ नाही. किराणा दुकानात किंवा मेडिकलमध्ये मागितलं तर रिकामी खोकी मिळतात.

जड वस्तू लहान खोक्यात आणि हलक्या वस्तू मोठ्या खोक्यात, हा साधा नियम. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं तर उचलताना त्याचा तळच सुटतो. काचेच्या बशा आडव्या न रचता उभ्या लावा, मध्ये वर्तमानपत्र घाला. खोक्यात मोकळी जागा राहिली तर टॉवेल किंवा जुन्या साड्या कोंबा. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला प्लास्टिक बांधून मग झाकण लावा, आणि ती बरणी स्वतःसोबत न्या.

प्रत्येक खोक्याला नंबर द्या आणि कोणत्या खोलीत जायचं ते बाजूवर लिहा. वरच्या बाजूला लिहिलं तर खोकी एकावर एक रचल्यावर दिसत नाही. मोठ्या वस्तूंचे बांधण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. ओरखडा जुना की नवा, हा वाद तिथेच मिटतो.

दागिने, कागदपत्रं, रोख, औषधं आणि लॅपटॉप टेम्पोत नकोच.

फ्रिज, वॉशिंग मशीन, गॅस

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद करा, पाणी निथळू द्या. तो उभाच न्या आणि नव्या घरी पोचल्यावर काही तास थांबून मग सुरू करा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनच्या ड्रमला मागून लावायचे वाहतुकीचे बोल्ट असतात. ते सापडले तर लावा, नाहीतर ड्रम हादरून खराब होऊ शकतो. टीव्ही आडवा झोपवू नका. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच ठेवा, कारण आत ॲसिड असतं.

एसी काढायला मेकॅनिकच बोलवा, कारण गॅस आधी बाहेरच्या युनिटमध्ये खेचून घ्यावा लागतो.

दुसऱ्या शहरात जात असाल तर सिलिंडर नेऊ नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, अनामत परत घ्या आणि ट्रान्सफर व्हाउचर जपून ठेवा. त्यावर नव्या गावात कनेक्शन मिळतं.

टेम्पोत चढवायचा क्रम

लोखंडी कपाट, फ्रिज आणि वॉशिंग मशीन केबिनला टेकून, उभे. कपाट रिकामं आणि कुलूपबंद. त्यांच्या मध्ये गादी किंवा गोधड्या, म्हणजे घासलं जात नाही. मग पलंगाच्या फळ्या बाजूला उभ्या, त्यापुढे जड खोकी खाली आणि हलकी वर. काचेचं सामान सगळ्यांत शेवटी. दर दोन-तीन फुटांवर दोर ताणून बांधा, नाहीतर पहिल्याच गतिरोधकावर सगळं पुढे-मागे होतं. पावसाळा असो वा नसो, वरून ताडपत्री हवीच. सामानावर माणूस बसवू नका. अपघात झाला तर जीव जाईल, आणि विम्याचे पैसे मिळायलाही अडचण येईल.

पोचल्यावर

खोकी उतरताना एकाने दारात उभं राहून नंबर तपासा. काही मोडलं असेल तर पावतीवर तसं लिहूनच सही करा. सामान अडवून पैसे मागितले तर पोलिसांसाठी ११२ आणि ग्राहक तक्रारीसाठी १९१५ हे क्रमांक आहेत.

आणि एक पिशवी वेगळी ठेवा : चहा-साखर, दूध, एक पातेलं, लायटर, चार कप, चार्जर, स्क्रू ड्रायव्हर, साबण, एक चादर. नव्या घरात दूध उतू घालवायचं असेल तर पातेलं शोधायला वीस खोकी उघडावी लागणार नाहीत. आणि हमालांनाही चहा वेळेवर मिळेल.