तपासणीच्या यादीतून सुटलेली मुलगी

लाखांदूर ओलांडले की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. भंडाऱ्याच्या माणसाला गडचिरोली परकी नाही. तीच झाडीपट्टी, तोच धान, तीच रोवणी. म्हणून 1980 च्या दशकात गडचिरोलीत झालेल्या एका कामाचा इतिहास भंडाऱ्याच्या मुलींचाही आहे, असे मी मानतो.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. त्या काळी सरकारच्या आणि जगातल्या मोठमोठ्या संस्थांच्या लेखी बाईचे आरोग्य म्हणजे दोनच गोष्टी होत्या, बाळंतपण आणि नसबंदी. राणीताईंनी वेगळाच प्रश्न विचारला. जी गरोदर नाही, जी दवाखान्यात आलेलीच नाही, तिला काय होते? दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. त्यात लग्न न झालेल्या मुलीही होत्या. जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि एकेकीला सरासरी तीनहून जास्त आजार. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? शंभरात फक्त 8.

या आकड्यांपुढे मी नेहमी अडखळतो. निम्म्याहून थोड्या अधिक बायकांनीच आपली तक्रार सांगितली होती. बाकीच्यांना अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे, पाळीत गोळा येणे हे बाईच्या जातीला असायचेच असे वाटत होते, किंवा काहीच जाणवत नव्हते. आजार सांगितला नाही म्हणजे आजार नाही, हा आपला घरगुती हिशेब त्या अभ्यासाने मोडला. पुढे जगभर स्त्रियांच्या आरोग्याची चर्चा बाळंतपणाच्या पलीकडे गेली, त्यात या दोन खेड्यांचा वाटा मोठा आहे. राणीताईंचे 'कानोसा' हे पुस्तक मराठीत आहे. घरातल्या मोठ्या मुलीच्या हाती द्यावे असे आहे.

दुसरा धागा रक्ताचा. 1910 मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात कोयत्यासारख्या वाकड्या पेशींची नोंद केली. तोच सिकलसेल. 1952 मध्ये तो निलगिरीत सापडला आणि 1958 मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातला, म्हणजे आपल्या नागपूरकडचा, अहवाल 'लॅन्सेट'मध्ये दिला. तलाव, जंगल आणि हिवताप असलेल्या मुलखात हा दोष का टिकला, याचे उत्तर 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दिले होते: ज्याच्याकडे दोषाचा एकच वाटा आहे, त्याला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. भंडारा तर तलावांचाच जिल्हा.

हा एकच वाटा असलेला माणूस धडधाकट असतो. रोवणी करतो, विड्या वळतो, कधी आजारी पडत नाही. त्याला कळण्याचा मार्ग एकच, रक्ताची तपासणी. आणि अशा दोघांचा संसार झाला की प्रत्येक गरोदरपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे 'हा त्यांच्या समाजाचा आजार' म्हणून हात झटकणारे पुष्कळ आहेत. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण जास्त आढळले हे खरे, पण तो कुणबी, तेली घरांतही सापडतो. रक्त आडनाव विचारत नाही. शिवाय आपल्या बिरादरीत चुलत-मामेभावंडांत रिश्ता जुळतो. घराण्यात दोष असेल तर तिथे दोघांकडेही तो असण्याची शक्यता वाढते. निकाहाआधी मेहर ठरते, जेवणाचा बेत ठरतो, मग रक्ताच्या एका थेंबाची चर्चा का लाजिरवाणी? आणि तपासायचे तर मुलाचेही रक्त तपासा. आपल्याकडे अहवाल फक्त मुलीचा मागतात आणि दोष निघाला की रिश्ता मोडतात. दोघांपैकी एकाचे रक्त निर्दोष असेल तर बाळाला पूर्ण सिकलसेल होत नाही, एवढी साधी गोष्ट समजली तर पुष्कळ रिश्ते वाचतील.

आता सरकारी यादी पाहू. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत पथक येते, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मुले तपासते. गर्भाशयमुख, स्तन, रक्तदाब, साखर यांची सरकारी तपासणी तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी आहे. तिचा पायाही मराठवाड्यात घातला गेला. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या डॉक्टरांनी उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर अभ्यास केला. 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच विषाणूची चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होते.

म्हणजे अठरापर्यंत शाळा, तिशीपासून कर्करोगाची तपासणी. मधली बारा वर्षे? त्यात मुलगी गरोदर राहिली तरच तिचे रक्त, लघवी, वजन, रक्तदाब कुणी बघते. शाळा सोडून विड्या वळायला बसलेली मुलगी तर अठराच्या आधीच सुटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. पन्नास वर्षे लोहाच्या गोळ्या वाटूनही आकडा चढतो, याचा जाब कुणीतरी विचारायला हवा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली का गेले, लोह कमी आहे, जंत आहेत, पाळीत रक्त फार जाते की सिकलसेल आहे, हे न बघता सगळ्यांच्या हातावर एकच गोळी ठेवली जाते.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिची वयोमर्यादा जन्मापासून 40 वर्षांपर्यंत आहे. अविवाहित, शाळा सुटलेली, आजारी नसलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी या यादीत बसते. तपासणी मोफत आहे, आयुष्यात एकदाच करावी लागते, आणि गावातल्या आशाताईंना विचारले की उपकेंद्रात पुढची तारीख कधी आहे ते कळते. त्याच फेरीत हिमोग्लोबिन आणि रक्तदाबही बघा म्हणून सांगता येते. अम्मीने सोबत जावे, म्हणजे तिचेही होईल.